गायरानावरची सुनावणी

सौरऊर्जेचा पाठ मी वीसेक वर्षं शिकवत आलेय. फळ्यावर दोन रकाने करायचे, एकात कोळसा, एकात ऊन, आणि कुठलं संपतं नि कुठलं संपत नाही ते पोरांकडून म्हणवून घ्यायचं. आमच्याकडे उन्हाबद्दल कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मार्चपासून पोरं शाळेच्या पत्र्याखाली भाजत बसलेली असतात. त्यामुळे गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प येणार असं कानावर आलं तेव्हा, खरं सांगायचं तर, मला बरंच वाटलं होतं.

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पलीकडे. गावात विहिरीवाले बागायतदार आहेत, ते बाराही महिने गावात असतात. बाकीचं गाव दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरवर भांडी, अंथरुणं आणि कोंबड्या चढवून ऊसतोडीला निघतं आणि उन्हाळ्यात परत येतं. मधल्या काळात माझा सहावीचा वर्ग निम्मा होतो. हजेरी घेताना काही नावं मी न थांबता ओलांडते.

माझ्या घरामागे एक म्हातारी राहायची. नात्यातली नव्हती, पण मी तिला मावशी म्हणायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा आणि सून दरवर्षी तोडीला जायचे आणि मावशी बावीस शेळ्या नि दोन नाती घेऊन गावात राहायची. थोरली नात आमच्या शाळेत पाचवीला होती, जूनमध्ये माझ्या वर्गात येणार होती, धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मावशीला लिहायवाचायला येत नव्हतं, पण नातींची वह्या-पुस्तकं ती पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायची.

संक्रांतीच्या आठेक दिवस आधी मावशी सकाळीच आली. म्हणाली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवलाय, लोक वाचून गप निघून जातायत, तुम्ही येऊन सांगा काय लिहिलंय. मी शाळेत जाता जाता तिच्यासोबत गेले. कागदावर गायरानाचा गट नंबर होता, सौर प्रकल्पासाठी ती जमीन देण्याचा प्रस्ताव होता, आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत लेखी द्यावी, त्यानंतर केजला सुनावणी होईल, असं लिहिलं होतं. मी मावशीला समजावून सांगितलं. वर असंही सांगितलं की ही चांगली गोष्ट आहे, शेतीला दिवसा वीज मिळेल, रात्रीबेरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्यांना साप चावायचे नाहीत.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवसा लाइट पायजेच की बाई. मी कावून न्हाई म्हनू? पर माझ्या शेळ्या मी कुटं न्यायच्या?"

मी म्हणाले, बघू. त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही. गायरान मी रोज रस्त्यावरून बघत होते, पण तिथे कोण जातं, काय करतं, ते कधी विचारलं नव्हतं.

गावात एक निवृत्त लाइनमन होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तारांवर काम करताना डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. वीजदरवाढीची जाहीर सूचना निघाली की ते हरकत लिहून पाठवायचे आणि उत्तर आलं नाही तरी पोच जपून ठेवायचे. गावातली बागायतदार मंडळी त्यांना हसायची. मी मावशीला घेऊन त्यांच्याकडे गेले तर कागदाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आधीच होता.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. सौर नको असं कुणी म्हणायचंच नाही, म्हटलं की आपण हरलो. जागा बदला एवढंच म्हणायचं. गायरानाच्या उत्तरेला बरड आहे, नुसता मुरूम, तिथे गवताचं पातंही उगवत नाही. सौर पॅनल तिथे बसवा, आणि पाझर तलावाकडचा चराईचा भाग, तलावाची वाट नि मसणवाट मोकळी ठेवा. त्यांनी मला विचारलं, नकाशा काढाल का? कोळशाच्या विजेची मोठी जनसुनावणी असते तशी सौरला लागतच नाही म्हणे, ही हरकतींची सुनावणी तेवढी मिळालीय. तिथे तोंडी बोलण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा.

मग आम्ही तिघं दोन रविवार गायरानात हिंडलो. मावशी पुढे, तिच्या शेळ्या तिच्याही पुढे. मी वही घेऊन. मावशी सांगायची, ह्या हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात पडतात, तेव्हा दुसरं काही नसतं. ह्या बोराटीत व्यालेल्या शेळीला सावली मिळते. ह्या उताराला पावसाळ्यात कुसळी गवत लागतं. मी वीस वर्षं नकाशे शिकवले होते, पण पाय दुखेपर्यंत चालून एकही काढला नव्हता. तो मी दोन पानं जोडून काढला, रंगीत पेन्सिलींनी रंगवला, खाली सूची दिली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम असावं.

आम्ही तिघांनी हरकती मुदतीच्या आत दिल्या आणि त्याच दिवसांत तात्यांना ग्रामपंचायतीचं ठराव-रजिस्टर बघायला मिळालं. गायरान द्यायला ग्रामसभेची संमती महिनाभरापूर्वीच झालेली होती. खाली सह्यांची रांग. त्यात मावशीच्या मुलाची सही होती, सुनेचीही होती, आणि ती दोघं दिवाळीपासून विजापूरच्या बाजूला एका कारखान्यावर होती. सुनेला तर सही येतच नव्हती. तात्यांनी मोजून बघितलं, निम्म्याहून जास्त माणसं त्या दिवशी गावात नव्हतीच. सह्या कुणी केल्या हे विचारायला आम्ही सरपंचाच्या घरी गेलो तर ते बीडला गेलेत असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही बीडलाच होते.

तात्या म्हणाले, आपण जाऊन त्या लोकांचं लिहून आणू. ग्रामसभेला आम्ही नव्हतो, एवढंच. मी शनिवारची सकाळची शाळा करून निघाले. केजहून एसटी, मग दुसरी एसटी, सोलापुरात तात्यांच्या बहिणीकडे मुक्काम, सकाळी तिथून पुढे कर्नाटकात. शेवटचे काही मैल ऊस उतरवून परत चाललेल्या ट्रॅक्टरवर उभं राहून गेलो.

माझ्या वर्गातून दिवाळीनंतर जाणारी पोरं कुठे जातात ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कारखान्यामागच्या काळ्या रानात कोप्या उभ्या होत्या, म्हणजे बांबू वाकवून वर चटई नि प्लास्टिक टाकलेल्या राहुट्या. त्यात वाकून शिरायचं. माझी एक विद्यार्थिनी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून ती उभी राहिली आणि सवयीनं "नमस्ते मॅडम" म्हणाली. मी तिला पाढे विचारले. का विचारले कोण जाणे.

माणसं फडात होती. आम्ही तिथे गेलो. मावशीचा मुलगा ऊस तोडत होता आणि सून मोळ्या बांधत होती. ग्रामसभेत त्यांच्या सह्या आहेत हे तात्यांनी सांगितल्यावर मुलगा हसला. म्हणाला, आमची मतंबी अशीच पडत असतील. पण अंगठा द्यायला तो जरा कचरला. मुकादम बांधावर उभा राहून बघत होता आणि गावचे पुढारी नि मुकादम यांची ऊठबस होती. सून मात्र हात पुसून पुढे झाली. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि मला म्हणाली, "बाई, शेळ्या हायत म्हनून सासू गावात ऱ्हाती. सासू ऱ्हाती म्हनून पोरी साळंत जात्यात. शेळ्या गेल्या की आमी समदेच हितं."

हे मी माझ्या हरकतीत लिहायला हवं होतं, पहिल्या ओळीत. मी तर चराईक्षेत्र, जैवविविधता असले शब्द लिहून ठेवले होते. मी वहीत तिचं वाक्य उतरवून घेतलं. तिचं बघून बाकीच्या बायकाही आल्या, मग थोडे पुरुष. मावशीच्या मुलानं सगळ्यांत शेवटी अंगठा दिला. परतताना तात्या तो कागदांचा गठ्ठा पोटाशी धरून बसले होते. मला त्या दिवशी वाटलं होतं की होईल काहीतरी.

बुधवारी शाळा सुटल्यावर अध्यक्षांनी बोलावलं. आमची शाळा खासगी संस्थेची आहे. अध्यक्ष गावचे मोठे बागायतदार, दोन वेळा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी चहा मागवला, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले की सौर प्रकल्पाची कंपनी आपल्या शाळेला संगणक देणार आहे, सगळा कक्षच उभा करून देणार आहे. माझ्या निवृत्तीला किती वर्षं राहिली तेही त्यांनी विचारलं. ते त्यांना माहीत होतं.

"तुमी सुनावनीला जावा मॅडम, माझी काई हरकत न्हाई," ते म्हणाले. "फकत साळंचं नाव त्यात येऊ देऊ नका."

मी बरं म्हणाले. घरी आले, सुनावणीत नकाशासोबत द्यायच्या अर्जाचं पहिलं पान पुन्हा लिहिलं आणि व्यवसाय या रकान्यात शिक्षिका ऐवजी शेती लिहिलं. आमची जमीन आहे, त्यामुळे ते खोटं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, पान का बदललं? मी सांगितलं, शाई सांडली.

सुनावणीला आम्ही तिघंच गेलो. आणखी चौघांनी हरकती दिल्या होत्या, त्यांतल्या दोघांनी आदल्या दिवशी मागे घेतल्या आणि दोघे आलेच नाहीत. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. जीपमध्ये ती सबंध रस्ताभर स्वतःशी पुटपुटत होती. काय ते विचारलं तर म्हणाली, साहेबाला सांगायचंय ते इसरू नाय म्हनून घोकते.

अकराची वेळ दिली होती. साहेब दुसऱ्या बैठकीत होते. आम्ही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहिलो. अडीच वाजून गेल्यावर आत बोलावलं. साहेब वयानं लहान होते, माझ्या भाच्याएवढे, आणि दमलेले दिसत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, थांबावं लागलं म्हणून दिलगिरी व्यक्त केली. मला राग यायला जागा राहिली नाही. एका बाजूला कंपनीचा माणूस लॅपटॉप उघडून बसला होता, दुसऱ्या बाजूला कारकून लिहून घेत होता.

आधी तात्यांनी अंगठ्यांचे कागद दिले. साहेबांनी ते उलटून पालटून बघितले आणि म्हणाले, हे लोक आज हजर आहेत का? तात्या म्हणाले, ते तोडीला आहेत, हजर नव्हते हेच तर सांगतायत. साहेब म्हणाले की हरकतदारानं स्वतः किंवा वकिलामार्फत यावं लागतं आणि शिवाय मुदतही संपलीय. ग्रामसभेच्या ठरावाबद्दल तक्रार असेल तर ती वेगळ्या कार्यालयात करावी, त्यांच्या हातात ते नाही. त्यांनी कागद व्यवस्थित एकावर एक ठेवून परत केले.

मग माझा नकाशा. तो त्यांनी नीट बघितला. छान काढलाय म्हणाले. कंपनीच्या माणसाकडे सरकवला. त्यानं एक नजर टाकून सांगितलं की उत्तरेकडे चढ आहे, खाली खडक आहे, आणि सबस्टेशनपासून ते लांब पडतं. त्याला बोलायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

कारकुनानं माझ्या अर्जावरचं वाचलं, व्यवसाय शेती. तेवढ्यात मावशी मध्येच बोलली. तिला वाटलं, माझी किंमत कमी होतेय. "शेती न्हाई साहेब, बाई मोठ्या साळंत शिकवत्यात. भूगोल."

साहेबांनी मान वर केली. "भूगोल शिकवता? मग पाऊस लहरी झालाय, उष्णता वाढतेय, हे तुम्हीच मुलांना सांगत असाल."

"हो," मी म्हणाले.

"आणि सौर प्रकल्पाला हरकतही तुमचीच?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हणाले की विरोध सौरला नाही, जागेला आहे. ते म्हणाले, मॅडम, मी ज्या गावात जातो तिथे लोक हेच म्हणतात, सौर हवं पण जागा दुसरी घ्या; मी कुठे नेऊ? मी तोंड उघडलं. सुनेचं वाक्य वहीत होतं, वही मांडीवर होती. पण व्यवसायाच्या रकान्यातलं खोटं उघडं पडलं होतं, आणि हे आता अध्यक्षांपर्यंत जाईल एवढंच डोक्यात फिरत होतं. मी म्हणाले, नकाशात सगळं दिलेलं आहे. एवढंच. वही उघडलीच नाही.

शेवटी मावशी उभी राहिली. ती एकटीच उभी राहून बोलली. बावीस शेळ्यांतल्या किती व्यायला झाल्यात, कुठल्या महिन्यात कुठला पाला असतो, तलावाची वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेनं किती लांब जावं लागतं आणि ती वाट कुणाच्या उसातून जाते, त्या मळेवाल्यानं मागे एकदा तिच्या शेळीचा पाय कसा मोडला होता. कारकुनानं दोनदा सांगितलं, आजी, थोडक्यात सांगा. ती थांबायची, पुन्हा तिथूनच सुरू करायची, कारण घोकलेलं मधून सोडून पुढे जाता येत नव्हतं. साहेबांनी तिला पुरं बोलू दिलं, हे मला सांगितलंच पाहिजे. झाल्यावर ते म्हणाले, नोंद घेतो आजी. मावशीनं हात जोडले.

सही करायला कागद आमच्यापुढे आला तेव्हा मी वाचला. मावशीच्या नावापुढे लिहिलं होतं, चराईबाबत हरकत. बस. मी तिला काय लिहिलंय ते सांगितलं नाही. तिनं अंगठा उठवला. जीपमध्ये ती मोकळी झाली होती, म्हणाली, "लई गुनाचा साहेब हाय. समदं ऐकून घेतलं त्येनं."

महिन्याभरानं पोस्टानं निकाल आला. हरकती ऐकण्यात आल्या, सार्वजनिक हिताचा प्रकल्प असल्याने त्या निकाली काढण्यात येत आहेत. तात्या बीडला अपिलात गेले. पहिल्या तारखेला तिथले साहेब नव्हते, दुसऱ्या तारखेला कंपनीचा वकील नव्हता, तिसऱ्या तारखेला फाइल सापडत नव्हती. स्थगिती कधीच मिळाली नाही. मी एकदाही त्यांच्यासोबत गेले नाही. शाळेला सुट्टी टाकावी लागली असती आणि रजेचा अर्ज अध्यक्षांकडेच जातो.

तोडीवाले परतायच्या आत गायरानाला तारेचं कुंपण पडलं. हिवर, बोराट्या यंत्रानं दोन दिवसांत काढल्या. मावशीनं उन्हाळाभर शेळ्या रस्त्याच्या कडेनं चारल्या. दोन गाडीखाली गेल्या. पावसाळ्यात पेरलेल्या रानांमुळे तेवढीही जागा उरली नाही, तेव्हा तिनं थोड्या थोड्या करून केजच्या बाजारात नेल्या. शेवटच्या खेपेला तिनं मला सोबत चला म्हटलं होतं. मी पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं.

प्रकल्प झाला. विहिरीवाल्यांना आता दिवसा वीज मिळते आणि ते सुखात आहेत. मी ते नाकारत नाही. मावशीला विहीर नव्हती. दिवाळी झाल्यावर ती मुलासुनेबरोबर ट्रॅक्टरवर चढली, दोन्ही नातींना घेऊन. पेटीतली वह्या-पुस्तकं पिशवीत भरली होती. मी रस्त्यावर उभी होते. हजेरीपटात त्या आठवड्यात मी थोरलीच्या नावापुढे स्थलांतरित असं लिहिलं. तात्यांनी तिसऱ्या तारखेनंतर बीडला जाणं सोडलं. आता वीजदराच्या सूचना निघतात, त्यावरही ते काही लिहीत नाहीत. मध्ये भेटले तेव्हा म्हणाले, बोटं दुखतात.

जानेवारीत मावशीचा फोन आला, सुनेच्या मोबाइलवरून. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. पोरींना तिथल्या शाळेत घालायचं म्हणत होती, माझ्याकडून कसला दाखला लागतो का विचारत होती. मी म्हणाले, लागतो, मी उद्याच करून पाठवते, अगदी उद्याच. मग विचारलं, शाळा कुठली आहे?

ती म्हणाली, हाय जवळच, पर समदं कानडीत हाय म्हनत्यात. पोरींना जमंल का?

मी मनाशी हिशेब केला. सहावीतली पोर, नवी लिपी, आणि चार महिन्यांनी पुन्हा परत. मी म्हणाले, अवघड आहे मावशी.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "थोरली मोळ्या चांगल्या बांदाय लागलीया."